शरीरसंस्थांचा गटप्रकल्प आणि 'खूप छान'च्या २१० चिठ्ठ्या

तापीकाठची

चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात मी आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४२ पोरं-पोरी. यंदा श्वसन आणि रक्ताभिसरण नुसतं फळ्यावर न उरकता गटात करू म्हटलं, आणि हौसेच्या भरात अख्खं शरीरच घेऊन बसले. सात-सात जणांचे सहा गट केले. पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या: पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, हाडं-स्नायू, चेतासंस्था. तीन आठवडे दिले. घरात, शेतात, भंगारात सापडेल त्यातूनच करायचं, विकतचं काही आणायचं नाही, ही एकच अट.

काम झकास झालं, खोटं कशाला बोलू. पचनवाल्यांनी जुनी ठिबकची नळी आणली. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं म्हणून बरोबर सहा मीटर मोजून कापली आणि खताच्या रिकाम्या गोणीत कोंबायला बसले. एक टोक दाबलं की दुसरं सापासारखं वर यायचं. शेवटी एक पोरगा गोणीवरच बसला आणि म्हणाला, "मॅडम, येवढं लांब आतडं पोटमा मावस कसं?" प्रकल्प तिथेच वसूल झाला असं मला वाटलं.

घोळ पुढे झाला. सादरीकरणाच्या दिवशी प्रत्येकाने बाकीच्या पाच गटांना एकेक चिठ्ठी लिहायची होती. ४२ गुणिले ५, म्हणजे २१० चिठ्ठ्या. रात्री जेवणं उरकल्यावर घेऊन बसले. 'छान.' 'खूप छान.' 'अतिशय सुंदर.' 'अक्षर चांगले आहे.' एकीवर लिहिलेलं, 'पुठ्ठा आमचा आहे, परत द्या.' दोन पोरांचं आधीपासून वाकडं आहे, त्यांनी एकमेकांच्या गटाला 'बेकार' म्हणून घेतलं. कामाच्या चिठ्ठ्या निघाल्या मोजून ११.

मुख्याध्यापक म्हणतात, फोटो काढा, ग्रुपवर टाका, पुढचा धडा घ्या. माझं मन होत नाही. पोरांना एकमेकांच्या कामावर बोलतं कसं करता तुम्ही?

खोडवा

मॅडम, लग्नाच्या पंगतीतून उठून हात धुताना यजमान विचारतो, "जेवण कसं झालं?" वरणात मीठ नसलं तरी आपण म्हणतो, "एकच नंबर!" पोरं तेच बघत मोठी झालीत. वर्गात आल्यावर एकदम परीक्षक कशी होतील?

बाकी गोणीवर बसणाऱ्या पोराला माझ्या मळ्यातली केळीची एक फणी लागू.

निवृत्त_मास्तर

ताई, चिठ्ठीवर प्रश्न काय होता?

तापीकाठची

'तुम्हाला हा प्रकल्प कसा वाटला?' असा.

निवृत्त_मास्तर

मग झालं की. 'कसा वाटला'चं उत्तर 'छान'च येणार. राग मानू नका, मीही धुळ्याकडे बरीच वर्षं हेच केलं. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा मी नोकरीत होतो. आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांमध्ये प्रकल्प होता, आम्हीही उत्साहाने घेतला. थोड्याच दिवसांत शाळेसमोरच्या दुकानात तयार तक्ते लटकायला लागले. पोरांनी ते आणायचे, नाव घालायचं, आम्ही सही करायची. फाइल जाड झाली, पोरगं होतं तिथेच.

दुसरं म्हणजे, चिठ्ठ्या वाटल्यावर पोरांना दुरुस्तीला दिवस ठेवले होते का? का मॉडेल थेट कपाटावर? दुरुस्ती व्हायचीच नसेल तर चूक दाखवून मैत्रीत वाकडेपणा कोण घेईल? कापूस वेचून झाल्यावर फवारणी सुचवण्यातला प्रकार आहे हा.

रेल्वे_कॉलनी

आम्ही भुसावळचे. मागच्या वर्षी लेकीच्या वर्गात असाच प्रकल्प होता. गटात राबणारी एक, मिरवणारे चार. हृदय शेवटी आमच्या घरात रात्री साडेअकराला तयार झालं. नवरा ड्यूटीवरून आला, जेवला आणि डिंक घेऊन बसला. लेक झोपली होती. सकाळी उठून म्हणते, "बाबा, झडपा राहिल्या." पहिला नंबर आला. बक्षिसाची कंपासपेटी खरं तर नवऱ्याला मिळायला हवी होती.

विकतचं नको ही अट मला फार आवडली. पण गटात कोणी हात चालवला आणि कोणी नुसता खांदा टेकला, हे कसं ओळखता?

तापीकाठची

ते सोपं पडलं. सादरीकरणाला कोण बोलणार हे आधी ठरवलंच नाही. गट उभा राहिला की मी हजेरीतला कोणताही नंबर पुकारायचे. पहिल्या गटाची फजिती झाली, बाकीचे पाच दुपारच्या सुट्टीत एकमेकांकडून पाठ करून घेत होते.

मास्तर, दुरुस्तीला दिवस ठेवले नव्हते. बरोबर पकडलंत.

पांढरा_कोट

जळगावला लॅबमध्ये आहे, रोजचं काम रक्त काढणं आणि तपासणं. चिठ्ठ्यांचं मला कळत नाही, शरीराबद्दल सांगतो.

सहा मीटर हा आकडा मेलेल्या शरीरातला, स्नायू सैल पडल्यावरचा. जिवंतपणी आतड्याचे स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे ते तीन ते पाच मीटरच भरतं. तरी नळी कापायला लावू नका. गोणीवर बसायची वेळ आली म्हणून तर त्या पोराला प्रश्न पडला. त्याचं उत्तर असं आहे, की आतडं पोटात नुसतं कोंबलेलं नसतं. एका पातळ पडद्याने ते पाठीमागच्या भिंतीला टांगलेलं असतं. या पडद्याची मुळाकडची बाजू जेमतेम वीतभर, आणि दुसऱ्या कडेला सगळं आतडं. चुण्यांचा परकर डोळ्यांपुढे आणा: कमरेला पट्टी एवढीशी, खाली घेर केवढा! त्या घेराच्या काठाने नळी शिवली आहे असं समजा. रक्तवाहिन्या याच पडद्यातून आतड्यापर्यंत जातात.

आणि एक विचारतो. रक्ताभिसरणवाल्यांनी अर्धं रक्त निळं केलं असेल ना?

तापीकाठची

केलंय! निळीच्या पाण्याची बाटली आहे. आणि त्या ११ कामाच्या चिठ्ठ्यांत एक नेमकी यावरच. हाडांच्या गटातल्या मुलीने लिहिलंय, 'माझ्या आजीचे रक्त काढले तेव्हा मी तिथे होते. ते लाल होते. तुमचे निळे रक्त कोणाचे आहे?' तो गट भांडायला उठला, पुस्तकात निळंच आहे म्हणून. मी दोघांना गप्प केलं. खरं सांगायचं तर मीसुद्धा इतकी वर्षं फळ्यावर निळाच खडू वापरत आले, आणि निळा का, हे वर्गात कधी बोललेच नाही.

पांढरा_कोट

त्या पोरीला शाबासकी द्या. आम्ही शिरेतूनच रक्त काढतो. ते गडद लाल असतं, पिकल्या जांभळाकडे झुकणारं, पण निळं कधीच नाही. ऑक्सिजन भरपूर असला की उजळ लाल, कमी झाला की काळपट लाल. पुस्तकातला निळा रंग नकाशातल्या रंगासारखा, ओळखायला सोपं जावं म्हणून दिलेला. मनगटावरच्या शिरा निळसर दिसतात ती कातडीतून उजेड परतताना होणारी गंमत. 'अशुद्ध रक्त' हा शब्दही जरा बाजूला ठेवा, पोरांना वाटतं ते घाण असतं.

'शरीरात ५ लिटर रक्त' असा तक्ता असेल तर तेही मोठ्या माणसाचं माप आहे. ४० किलोच्या पोराच्या अंगात तीन लिटरच्या आसपास भरेल. पोरांना स्वतःच्या वजनावरून काढायला लावा, किलोला साधारण ७५ मिलि धरून.

खोडवा

रेल्वे कॉलनी ताई, तुमच्या यजमानांच्या राहिलेल्या झडपांवरून सांगतो. ज्याच्या विहिरीवर मोटार आहे त्या पोराला झडप शिकवायला पुस्तक लागत नाही. फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या विहिरीतल्या टोकाच्या झडपेत, काडीकचरा अडकला की पाइपातलं सगळं पाणी उलटं विहिरीत. मग मोटार नुसती गुरगुरते, आणि आपण बादली घेऊन पाइप भरत बसतो. हृदयाच्या चार झडपांना तेवढंच काम, गेलेलं रक्त मागे येऊ द्यायचं नाही.

हिशेबही घालून पाहिला. एका ठोक्याला ७० मिलि, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे पाच लिटर. दिवसाचे ७,२०० लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या भरून वर पाणी उरेल. आणि लाइट रात्रीची येवो का दिवसाची, ही मोटार चालूच.

ठिबकची नळी मात्र आतड्याला शंभर टक्के लागू पडते. आतून बाहेर पाझरतं, झाड जगतं.

पांढरा_कोट

भाऊ, नव्वद टक्के म्हणा. ठिबकमध्ये मुळं नळीच्या बाहेर, मातीत असतात. आतड्यात ती नळीच्या आतल्या भिंतीलाच फुटलेली असतात. मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नरस ते शोषतात आणि त्यांच्यातल्या केशवाहिन्यांतून तो रक्तात जातो.

खोडवा

म्हणजे पाइपात मुळ्या शिरल्यात. आमच्याकडे असं झालं की पाइप बदलावा लागतो 😀

भरीतप्रेमी

पचनाचा विषय निघालाच आहे तर कळण्याची भाकरी पचायला हलकी का जड? आमच्याकडे यावर दर हिवाळ्यात भांडण होतं.

निवृत्त_मास्तर

भरीतप्रेमी, वेगळा धागा काढा. तिथे मीच पहिला येतो.

सातपुडा_पायथा

धडगावकडच्या एका आश्रमशाळेत आहे. आमच्या पोरांची घरची बोली पावरी नाहीतर भिलोरी. मराठीत 'अभिप्राय लिहा' म्हटलं की पेनचं टोपण तोंडात जातं ते निघत नाही. म्हणून आम्ही अभिप्राय हा शब्दच काढून टाकला, पोरांना उसनवार मागायला लावलं.

प्रत्येक गट म्हणजे एक घर. शेजारी वाटी घेऊन साखर मागायला येतो तसं एका संस्थेने दुसरीच्या दारात जायचं. श्वसनाने रक्ताला विचारायचं, 'आमच्याकडे ऑक्सिजन तयार आहे, न्यायला कोण येतंय आणि कोणत्या वाटेने?' स्नायूंनी पचनाला विचारायचं, 'आम्हाला साखर पाहिजे, तुमच्या घरातून ती निघते कुठून?' समोरच्याने उत्तर तोंडी न देता मॉडेलवर बोट ठेवून द्यायचं. बोट ठेवायला जागा नसली तर ती उधारी. भिंतीवर कागद लावायचा, त्यावर उधारी लिहायची आणि आठ दिवसांत फेडायची. 'छान' लिहायची सोयच उरत नाही, कारण छान कोणी उसनं मागत नाही.

हे सुचायचं कारण पुस्तकातच आहे. सहावीत हाडं आणि त्वचा, सातवीत स्नायू आणि पचन, आठवीत श्वसन आणि रक्ताभिसरण. पोराच्या मनात पोट सातवीत राहतं आणि फुप्फुसं आठवीत. त्यांची गाठ कोणी घालूनच देत नाही.

एक गोष्ट मात्र जपा, मी चुकलो म्हणून सांगतो. आमच्या भागात रक्त हा नुसता धडा नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात माहीत आहे. २०२३ च्या जुलैत केंद्राचं अभियान सुरू झालं, तपासणीची कार्डं पोरांच्या पेटीत असतात. आमच्या गटाने मातीच्या तांबड्या पेशी केल्या, काही गोल, काही विळ्यासारख्या. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते, विळ्याची १० ते २० दिवस, म्हणून रक्त कमी पडतं, हे त्यांनी ज्वारीच्या दाण्यांचे ढीग करून दाखवलं. फार सुंदर काम. आणि सवाल-जवाब चालू असताना एका पोराने दुसऱ्याकडे बोट केलं, "याच्यात आहे ते." तो पोरगा मान खाली घालून मातीच्या पेशीचं टोक मोडत बसला. दोन दिवस वर्गात आला नाही. तेव्हापासून आमच्याकडे चिठ्ठीवर पोराचं नाव चालत नाही. चिठ्ठी अवयवाच्या नावाने सुरू होते आणि अवयवाच्याच नावाने संपते.

तापीकाठची

सर, हे वाचून उठून बसले. उधारीचा कागद उद्याच लावते. शेवटचं तर लिहूनच घेतलंय.

लालतिखट

सगळे हृदय-आतड्यात रमलात, उत्सर्जनाच्या दारात कोणी गेलं नाही. मीच जाते.

दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं, बाकीचं परत रक्तात. एवढी काटकसर तर आमची सासूबाईसुद्धा करत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी पिवळीजर्द होते, मूतखड्याचे पेशंट वाढतात. आणि माझी भाची सकाळी घरून निघते ती संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पीत नाही. का, तर शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. मैत्रिणींपैकी कोणीतरी बाहेर दार धरून उभं राहावं लागतं.

तुमच्या उत्सर्जनवाल्यांना माझ्यातर्फे एक उसनवार चिठ्ठी: 'आम्हाला पाणी पाहिजे. पोरींनी ते प्यायचं कधी?'

तापीकाठची

ही चिठ्ठी जशीच्या तशी लावते. आमच्याकडे कडी आहे, नळाला पाणी नसतं.

रेल्वे_कॉलनी

पुढे काय झालं ते नक्की लिहा.

तापीकाठची (१६ दिवसांनी)

उशीर झाला, मध्ये चाचण्या होत्या.

कागद लावला. पहिल्या दिवशी कोणी उठेना. मग हाडांच्या गटाला रक्ताकडून चिठ्ठी आली आणि वर्ग पेटला. लिहिलं होतं, 'हाडांना. आमच्या तांबड्या पेशी तुमच्या घरात जन्मतात. तुम्ही आमची खोलीच काढली नाही. रक्त.' यांची हाडं एरंडाच्या वाळक्या काड्यांची, बाहेरून चुना लावलेली. एकाने मांडीचं हाड मध्ये मोडलं तर एरंडाची काडी आतून पोकळच. त्या पोकळीत त्यांनी कुंकवाचा ओला बोळा भरला आणि खाली 'अस्थिमज्जा' अशी चिठ्ठी चिकटवली. उधारीच्या कागदावर पहिली काट तिथे पडली. निळ्या रक्तावर चिठ्ठी लिहिणारी तीच मुलगी हे हाड हातात घेऊन वर्गभर दाखवत फिरली.

निळीची बाटली गेली. आता एका बाटलीत बिटाचं पातळ पाणी, दुसरीत बीट आणि जांभळ्या शाईचे दोन थेंब. फूट व्हॉल्व्हची आयडिया खोडवा भाऊंची. सायकलच्या ट्यूबची पट्टी एका कडेने चिकटवून झडप केली. चारपैकी तीन चालतात, चौथी गळते. तपासायला आलेल्या श्वसनाने शेरा मारला, 'हृदयाला. ऑपरेशन लागेल.'

श्वसनाची स्वतःची गत वेगळीच झाली. त्यांच्या बाटलीतले फुगे फुगतात, पण पोरं सांगत होती की हवा आत गेली म्हणून छाती फुगते. हाडं-स्नायूंच्या गटाने विचारलं, 'श्वासपटल ओढतो आम्ही. तुम्ही आमचं नावच घेतलं नाही.' तिथे एकाला गावातल्या लोहाराचा भाता आठवला. भाता आधी उघडतो, मग वारा आत येतो. मी दहा मिनिटं जे समजावत होते ते त्याने हात हलवून दोन वाक्यांत सांगितलं. बेकार-बेकार लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाची चिठ्ठीही इथेच आली: 'डाव्या फुप्फुसाला. तुमचा फुगा बारीक फाटला आहे, कान लावून ऐका.' खरंच फाटला होता. दोघं अजून बोलत नाहीत, फुगा मात्र बदलला.

चेतासंस्थेचं काही जमलं नाही. त्यांनी उसनं मागायचं सोडून पाचही घरांना हुकूम पाठवले. हृदयाने उलट लिहिलं, 'ठोका आमचा आम्ही टाकतो, तुम्ही फक्त कमी-जास्त करा.' माहिती मी सांगितलेली, तोरा त्यांचा. मेंदूवाले रुसले ते रुसलेच. त्यांचा तक्ता पहिल्या दिवशी होता तसाच आहे. पुढच्या वर्षी या गटाला काय मागायला लावायचं ते सुचवा.

लालतिखट ताई, तुमची चिठ्ठी उत्सर्जनवाल्यांनी दोन दिवस तशीच ठेवली. मग गटातल्या तीन पोरी ती घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. मी पाठवलं नव्हतं. संडासाबाहेर झाकणाचा ड्रम आणि पाणी घ्यायचा मग आलाय, भरायची पाळी वर्गावार लावली आहे. नळाला अजून पाणी नाही.

आणि आतडं. एकीने आईचा जुना परकर आणला. घेराच्या काठाने सगळी नळी सुतळीने टाचली, कमरपट्टी गोणीच्या मागच्या बाजूला शिवली आणि नळी गोणीत सोडली. बसायला कोणी लागलं नाही. गोणीवर बसणारा पोरगा ती तीनदा बाहेर काढून पुन्हा आत सोडत होता.

काल तोच नळी परत मागायला आला. केळीच्या कांदेबागाची लागवड आहे, बापाला तेवढा तुकडा जोडायला हवाय. सुतळी सोडून नळी गुंडाळून दिली. आज सकाळी बाप स्वतः शाळेच्या फाटकाशी भेटला. विचारत होता, मॅडम, नळी ठीक शे, पण तिच्यावर जागोजाग 'जठर इकडे' असं बाण काढून कोणी लिहून ठेवलंय?